उत्तर तेच यायला हवं

चौलच्या आमच्या वाडीत एप्रिलनंतर विहिरीचं पाणी जपून उपसावं लागतं. समुद्र जवळ आहे. पंप जास्त चालला की मचूळ पाणी वर चढतं आणि पोफळीची रोपं करपायला लागतात. म्हणून मी सी भाषेत एक छोटा प्रोग्राम लिहिला. सेन्सरने दर मिनिटाला पाण्यातला खार मोजायचा. तो वाढला किंवा मोजमाप आलंच नाही, तर पंप बंद.

प्रोग्राम जुन्या, स्वस्तातल्या बोर्डावर रेंगाळायचा. मी टर्मिनलवर जीसीसी कंपायलरच्या आज्ञेत ‘-ओफास्ट’ एवढा एक शब्द वाढवला. अकरा सेकंदांचं काम चारवर आलं आणि मी खूश झालो.

आठवड्याभरात एका रात्री सेन्सरची वायर सुटली. पंप पहाटेपर्यंत चालूच राहिला. बाबांनी सकाळी ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. मला काही बोलले नाहीत.

चूक शोधायला मला दोन दिवस लागले. न आलेलं मोजमाप माझा प्रोग्राम ‘ही संख्या नाही’ अशा खास खुणेने साठवायचा. ‘-ओफास्ट’ मात्र अशी खूण कधी येणारच नाही, असं गृहीत धरतं. मग ती तपासणारी ओळ त्याच्या दृष्टीने निरुपयोगी, म्हणून त्याने ती काढून टाकली होती. हे जीसीसीच्या माहितीपुस्तिकेत स्पष्ट लिहिलेलं आहे. मी ते वाचलं नव्हतं.

मग या एका शब्दामागे काय काय आहे ते वाचत गेलो. १९५७मध्ये जॉन बॅकस आणि सहकाऱ्यांनी आयबीएम ७०४ या यंत्रासाठी फोरट्रानचा कंपायलर दिला. यंत्राने लिहिलेला कोड माणसाने हाताने लिहिलेल्या कोडपेक्षा फार हळू चालला, तर कोणी तो वापरणार नाही, ही त्यांची धास्ती होती. म्हणजे कंपायलरच्या जन्मापासूनच वेग हा त्याच्या जगण्या-मरण्याचा प्रश्न होता.

त्यात मोठा भाग एकच काम दोनदा न करण्याचा. समजा, अलिबागहून चौलला यायच्या दोन वाटा आहेत. एका वाटेने येणारा मासळी घेऊन येतो, दुसऱ्या वाटेने येणारा रिकाम्या हाताने. कोण कुठून आलं हे घराला कळत नाही, म्हणून घरी पोचल्यावर प्रत्येक जण पुन्हा बाजारात जातो. दुसऱ्या वाटेवरही मासळी घ्यायला लावली, की घरून कोणालाच जावं लागत नाही. एटिएन मोरेल आणि क्लॉड रेनव्हॉइस यांनी १९७९मध्ये ही युक्ती गणिताच्या समीकरणांत मांडली. पण त्यांच्या समीकरणांत माहिती कोडमधून पुढे आणि मागे अशी दोन्ही दिशांनी वाहायची, त्यामुळे ती किचकट होती आणि काही संधी तिच्यातून निसटायच्याही.

पवईच्या आयआयटीत धनंजय ढमढेरे यांनी १९८८मध्ये हिशेबाची जागा वाटांच्या जोडांवर नेऊन हे काम सोपं केलं. पुढे त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी उदय खेडकर यांनी १९९४मध्ये अशा दुहेरी प्रवाहांचा व्यापक सिद्धांत मांडला. खेडकरांनी नंतर पवईतच जीसीसीच्या अंतरंगावर कार्यशाळा घेतल्या. मांडव्याहून लाँचने पलीकडे गेलं की ज्या मुंबईत उतरतो, त्याच मुंबईत हे झालं आणि चार वर्षं इंजिनिअरिंग शिकून मला त्याचा पत्ता नव्हता.

या सगळ्या संशोधनात एक अट मात्र कायम आहे: ज्या वाटेवर मासळी लागणारच नाही, तिथे ती घ्यायची नाही आणि शेवटी उत्तर बदलता कामा नये. ‘-ओटू’ ही अट पाळतं. ‘-ओफास्ट’ वेगासाठी त्यात सूट घेतं आणि ती सूट मी न वाचता दिली होती.

उत्तर बदललं नाही याची खात्री कशी करायची, हे मला अलिबागेतच सापडलं. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या वेधशाळेचं चुंबकीय काम अलिबागला हलवायचं ठरलं. नानाभाई मूस तेव्हा तिचे प्रमुख होते. लोखंड टाळून इथे इमारत बांधली गेली आणि १९०४मध्ये नोंदी सुरू झाल्या. पण कुलाबा लगेच बंद केलं नाही. १९०६पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी मोजमापं घेतली. त्यामुळेच १८४१पासूनची कुलाब्याची मालिका आणि अलिबागची मालिका आज एकमेकींना जोडून वाचता येतात.

मीही तेच केलं. साधा आणि वेगवान असे दोन्ही प्रोग्राम महिनाभर शेजारी शेजारी चालवले आणि मधूनमधून मुद्दाम वायर काढून पाहिली. आता वाडीत ‘-ओटू’ चालतं. सहा सेकंद लागतात. बाबांनी तीन करपलेली रोपं उपटून नवी लावली आहेत.