दौलतजादा आणि वर्गणी

वस्तीतल्या वाचनालयाच्या फंडासाठी आपण गाण्याचा कार्यक्रम ठेवला. गाणाऱ्या बहिणीवर एकानं नोटा उधळल्या. पोरं म्हणाली, "उधळू द्या की, फंडच वाढतोय!" मी गप्प राहिलो. तेव्हापासून १९२७ सालचा एक नकार मनात घोळतोय.

महाडच्या सत्याग्रहाला पैका हवा होता. पठ्ठे बापूराव बाबासाहेबांकडे आले. तमाशाच्या खेळांचं उत्पन्न देऊ म्हणाले. बापूराव कुलकर्ण्याच्या घरातले. त्यांच्या फडात नाचणारी पवळा संगमनेरजवळच्या हिवरगावची, महार समाजातली. बाबासाहेबांनी नकार दिला. आमच्याच बायका नाचवून मिळवलेला पैसा त्यांना नको होता. चळवळीची झोळी रिकामी होती, पण हिशेब साफ होता.

पुढं १९३० नंतर नाशिककडं भीमराव कर्डकांसारख्यांनी जलसे उभे केले. ढोलकी तीच, सवालजबाब तेच. लावणी मात्र नाही, नाचणारी बाई नाही. बाईचं सोंगही पुरुषानंच घ्यायचं. मेलेलं ढोर ओढू नका, पोरं शाळेत घाला, हे गावकुसाबाहेर गाऊन सांगितलं.

तरी एक गोष्ट टोचते. दौलतजादा बंद झाला, तशी बाईही मंचावरून गेली. नकार बाबासाहेबांचा म्हणून आपण सांगतो, फड बापूरावांचा म्हणून सांगतो. पवळेचा घाम कुणाच्या खात्यावर मांडायचा?

पुढच्या खेपेला डबा ठेवू. गाणारीचं मानधन आधी, फंड मागनं. आणि नोटा उधळणाऱ्याचा हात मी धरीन.