शाह आणि पूर

औंढ्या नागनाथाच्या परिसरांतील शिरड शहापूर हें गांव मल्लिनाथाच्या जैन मंदिरामुळें यात्रेकरूंना परिचित आहे. मला मात्र आज त्याच्या नांवाच्या उत्तरार्धाकडे आपलें लक्ष वेधावयाचें आहे. ‘शाह’ हा शब्द इराणचा. ‘पूर’ हा संस्कृतचा. हे दोघे एका नांवांत शेजारी कसे झाले?

सन १२९६ मध्यें अल्लाउद्दीन खिलजी देवगिरीवर चालून आला; १३१८ त यादवांचें राज्य लयास गेलें; १३४७ मध्यें दौलताबादेच्या बंडखोर अमीरांनीं बहमनी सत्ता उभी केली. या धामधुमींत देवालयें भंगलीं, हें लपविण्याचें कारण नाहीं. औंढ्याच्या मंदिराचा तळभाग यादवकालीन शिल्पांनीं भरलेला आहे. वरची बांधणी मागाहूनची, निराळी आहे.

परंतु तलवारीनें मिळालेलें राज्य चालविण्यास लेखणी लागते. गीलानहून आलेल्या महमूद गावानानें बेदरास १४७२ त मदरसा बांधला आणि वऱ्हाडच्या मोठ्या सुभ्याचे गाविल व माहूर असे दोन भाग केले. तरी सारा वसूल करणारे देशमुख आणि कुलकर्णी येथलेच राहिले. त्यांच्या दप्तरांतून अर्ज, जमीन, वसूल हे शब्द मराठींत कायमचे उतरले. पुढें शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला, यावरून हा पगडा किती खोल होता तें कळतें.

जवळच्या पाथरीची कथा तर विलक्षण आहे. फिरिश्ता लिहितो कीं, तेथील कुलकर्णी घराण्यांतील एक मुलगा विजयनगरच्या मोहिमेंत कैद होऊन मुसलमान झाला व मलिक हसन या नांवानें वजिरीस चढला. त्याच्याच पुत्रानें अहमदनगरची निजामशाही स्थापिली. आणि वडिलांच्या या पाथरीसाठीं निजामशहा वऱ्हाडच्या इमादशहाशीं लढले! त्या इमादशाहीचा मूळपुरुषही विजयनगरकडील हिंदूच होता.

याच मुलुखांतील नरसीचे, असें परंपरा सांगते ते, नामदेवमहाराज १२७० पासून १३५० पर्यंत, म्हणजे या सर्व स्थित्यंतरांतून जगले. विसोबा खेचरांचा उपदेश त्यांना औंढ्यासच झाला. त्यांचीं ६१ पदें शिखांच्या गुरु ग्रंथसाहेबांत आहेत. त्यांतील कांहींत फारसी शब्द सहज विठ्ठलाच्या सेवेस लागले आहेत.

जिंकणारे गेले. हैदराबादची निजामी सत्ताही १७ सप्टेंबर १९४८ रोजीं संपली. मोडलें त्याची खंत बाळगावी. परंतु जें आपल्या जिभेवर रुजलें, तें परकें म्हणून उपटूं गेल्यास आपलीच भाषा जखमी होईल.