तोंडाचा वास आणि लाजेचा बाजार

शर्टाचे बटण तुटले आहे, केसात कचरा अडकला आहे, हे आपण कोणालाही सहज सांगतो. पण ‘तुमच्या तोंडाला वास येतो’ हे सांगायला जीभ रेटत नाही. आणि ज्याच्या तोंडाला येतो त्याला बहुधा तो कळतही नाही, कारण नाक रोजच्या वासाला सरावलेले असते. म्हणून या विषयाचा इतिहास निम्मा वैद्यकाचा आहे आणि निम्मा लाजेचा.

सुरुवात आपल्याकडच्या चरकसंहितेपासून करू. तिच्या सूत्रस्थानाच्या पाचव्या अध्यायात रोजच्या वागण्याचे नियम आहेत. करंज, कण्हेर, रुई, अर्जुन अशा झाडांच्या काडीने दिवसातून दोनदा दात घासावेत. सोने, चांदी, तांबे किंवा पितळेच्या, धार नसलेल्या वाकड्या पट्टीने जीभ खरवडावी. कारणही दिले आहे: जिभेच्या मुळाशी साठलेल्या मळामुळे दुर्गंधी येते. मग लवंग, जायफळ, कंकोळ, कापूर, विड्याचे पान तोंडात धरावे. क्रम लक्षात घ्या, मंडळी. आधी मळ काढायचा, सुगंध नंतर.

अर्थात, त्या मळात काय असते हे चरकाला ठाऊक असणे शक्य नव्हते. ते पाहिले हॉलंडमधल्या डेल्फ्ट गावच्या एका कापडाच्या व्यापाऱ्याने. त्याचे नाव लेव्हेनहूक. भिंगे घासण्याचा त्याला नाद होता. 17 सप्टेंबर 1683 रोजी त्याने लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहिले, की मी रोज मिठाने दात घासतो, तरी दातांच्या फटीत पांढरा मळ राहतो, आणि त्यात असंख्य जीव वळवळताना दिसतात. पुढे त्याने व्हिनेगर वापरून पाहिले. जीवांवर थेट टाकले की ते मरत. पण व्हिनेगरने चूळ भरली तर मळाच्या आतले जिवंतच राहत. नुसत्या चुळीने भागत नाही, हे तेव्हाच दिसले होते!

हा धडा बाजाराने मात्र उलटा फिरवला. 1879 साली अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरात डॉ. जोसेफ लॉरेन्स यांनी शस्त्रक्रियेच्या वेळी वापरायचे एक जंतुनाशक बनवले. ब्रिटिश शल्यवैद्य जोसेफ लिस्टर यांच्यावरून त्याचे नाव ठेवले लिस्टरीन. 1914 पासून ते चूळ भरण्याचे औषध म्हणून सर्वांना मिळू लागले. 1920 नंतर कंपनीने वैद्यकाच्या पुस्तकातला ‘हॅलिटोसिस’ हा शब्द उचलून जाहिरातींत घातला. एका जाहिरातीतल्या मुलीचे लग्न जमत नाही, मैत्रिणी एकेक करून बोहल्यावर चढतात, आणि कारण तिला कोणीच सांगत नाही. वास खरा असतो हो, पण येथे विकली गेली ती भीती. याच औषधाने सर्दी टळते असाही दावा वर्षानुवर्षे चालला होता. तो खोटा असल्याचे जाहिरातींतूनच सांगा, असा आदेश अमेरिकी सरकारच्या व्यापार आयोगाने 1975 साली दिला.

भीतीने काय होते ते मी वर्गात पाहिले आहे. एक मुलगी नेहमी तोंडावर हात धरून बोलायची. मुलांनी तिला नावही ठेवले होते. उत्तर येत असूनही ती उभी राहत नसे. शाळेतल्या तपासणीत दोन दाढा किडलेल्या निघाल्या. उपचार झाले आणि काही आठवड्यांनी ती धडा मोठ्याने वाचू लागली. तिला हवा होता दाताचा डॉक्टर. तोवर मिळाली होती फक्त थट्टा.

खरे कारण नीट उलगडले ते कॅनडात. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या जोसेफ टॉन्झेटिच यांनी 1960 ते 1980 या काळात दाखवले की वास मुख्यतः हायड्रोजन सल्फाइडसारख्या गंधकयुक्त वायूंचा असतो. जिभेच्या मागच्या भागावरचे आणि हिरड्यांतले जंतू अन्नकण व मृत पेशी कुजवतात, त्यातून हे वायू निघतात. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी वास अधिक. उपासाच्या दिवशीही तेच. आपण उगीच ‘पोट साफ नाही’ म्हणतो. बहुतेक वेळा उगम तोंडातच असतो.

तेव्हा दोनदा दात घासावेत, जीभ मागपर्यंत हलक्या हाताने साफ करावी, दातांच्या फटी दोऱ्याने स्वच्छ कराव्यात, पाणी भरपूर प्यावे. कवळी रात्री काढून धुवावी. मिश्री लावू नये, ती तंबाखूच आहे. एवढे करूनही वास राहिला तर आधी दाताच्या डॉक्टरांकडे जावे. क्वचित नाक, टॉन्सिल किंवा मधुमेहही कारण असतो.

आणि घरात कोणाला हा त्रास असेल, तर चारचौघांत नाक मुरडू नका. बाजूला घेऊन, हळू आवाजात, पण नक्की सांगा.