करसवलतीचा मार्ग आणि मतदाराची जबाबदारी

करचुकवेगिरी आणि करसवलत या दोन भिन्न गोष्टी आहेत. पहिली कायदा मोडून होते, दुसरी कायद्यातूनच मिळते. सवलतीची तरतूद लोकप्रतिनिधी करतात आणि त्यांना निवडून देतो तो मतदार. त्यामुळे कायद्यातील पळवाटांचा प्रश्न अखेरीस मतपेटीपर्यंत पोहोचतो. ठाणे व कल्याण-डोंबिवली महापालिकांचा अनुभव या दृष्टीने बोलका आहे.

जकात ते जीएसटी

जकात हे महापालिकांच्या उत्पन्नाचे प्रमुख साधन होते. नाक्यांवरील खोळंबा आणि गैरप्रकारांमुळे व्यापाऱ्यांचा तिला विरोध होता. २०१० पासून राज्यात टप्प्याटप्प्याने जकातीऐवजी स्थानिक संस्था कर, म्हणजेच एलबीटी आला. ठाण्यात तो एप्रिल २०१३ मध्ये लागू झाला. व्यापाऱ्यांनी त्याविरोधातही बंद पुकारले. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत एलबीटी रद्द करण्याचे आश्वासन भाजपने दिले. सत्तांतरानंतर १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटी रुपयांपेक्षा कमी वार्षिक उलाढाल असलेल्या व्यापाऱ्यांना त्यातून वगळण्यात आले. १ जुलै २०१७ रोजी जीएसटी लागू होताच हा करच संपुष्टात आला.

त्याबदल्यात राज्य शासन महापालिकांना भरपाई देते. २०१७ च्या राज्य कायद्यात तिच्यात दरवर्षी ८ टक्के वाढीची तरतूद आहे. मात्र स्वतः वसूल करावयाच्या कराची जागा शासकीय अनुदानाने घेतली. महापालिकेच्या हाती प्रामुख्याने मालमत्ता कर आणि पाणीपट्टी उरली. तो भार थेट रहिवाशांवर पडतो.

कंपन्या आणि पक्षनिधी

व्यापाऱ्यांचे दबावतंत्र रस्त्यावर दिसले. कंपन्यांचा प्रभाव सहसा दिसत नाही. कंपन्यांच्या राजकीय देणग्यांवर पूर्वी तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा होती. २०१७ मध्ये ती हटविण्यात आली आणि २०१८ मध्ये निवडणूक रोखे आले. देणगीदाराचे नाव गुप्त ठेवणारी ही योजना सर्वोच्च न्यायालयाने १५ फेब्रुवारी २०२४ रोजी घटनाबाह्य ठरविली. दरम्यान, सप्टेंबर २०१९ मध्ये अन्य सवलती सोडणाऱ्या कंपन्यांसाठी प्राप्तिकराचा मूळ दर २२ टक्के करण्यात आला. या निर्णयामुळे १ लाख ४५ हजार कोटी रुपयांच्या महसुलावर पाणी सोडावे लागेल, असा अंदाज केंद्राने तेव्हा व्यक्त केला होता. देणगी आणि सवलत यांचा थेट संबंध यावरून सिद्ध होत नाही. परंतु देणगीदार गुप्त असेल, तर तो तपासताही येत नाही.

मतदाराच्या हाती काय?

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीत कल्याण मतदारसंघातील निम्म्याहून अधिक मतदार केंद्रावर गेलेच नाहीत. संघटित गट आपली मागणी पदरात पाडून घेतात, असंघटित मतदार घरी बसतो. २० हजार रुपयांवरील देणग्यांचे पक्षांचे अहवाल निवडणूक आयोगाकडे उपलब्ध असतात, उमेदवारांची शपथपत्रे जाहीर होतात आणि महापालिकेचा अंदाजपत्रकीय हिशेब माहितीच्या अधिकारात मागता येतो. उमेदवार दारी आल्यावर ‘कोणता कर माफ करणार?’ या प्रश्नासोबत ‘ती तूट कोण भरणार?’ हेही विचारले गेले पाहिजे.