व्हेप ओढताय? आधी नियम वाचा

एसटीत, दवाखान्यात कुणी पेनासारखं यंत्र ओढतं अन् म्हणतं, ‘सिगारेट नाही, नुसती वाफ आहे.’ पण त्या वाफेत बहुतेक वेळा निकोटिन असतं. देशात ई-सिगारेटवर २०१९ पासून बंदी आहे. विक्री, वाहतूक किंवा जाहिरात केल्यास पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा सापडला तर सहा महिन्यांपर्यंत कैद, पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन विक्रीही बेकायदाच.

कुणी ओढताना दिसलं तर भांडू नका. कंडक्टरला, दवाखान्यातल्या कर्मचाऱ्यांना सांगा. पोराच्या दप्तरात असं यंत्र सापडलं तर मारू नका, शांतपणे विचारा. व्यसन सोडायचंय? १८००-११-२३५६ या टोल-फ्री नंबरवर फोन करा.