निळ्या घोड्याची मिरवणूक

इटलीतील त्रिएस्ते नगराच्या सान जोव्हान्नी मनोरुग्णालयात मार्को नावाचा घोडा धुण्याच्या कपड्यांची गाडी ओढीत असे. तो थकला तेव्हा त्याला खाटकाकडे धाडण्याचे ठरले. १९७२ साली रुग्णांनी घोड्याच्याच नावाने प्रांताध्यक्षांना अर्ज केला व तो मान्य झाला. ज्यांचे नागरी हक्क कायद्याने हिरावले होते, त्यांनी एक जीव वाचवला!

पुढल्या वर्षी संचालक डॉ. फ्रांको बासाल्या यांच्या पाठिंब्याने नाटककार जुलियानो स्काबिया, शिल्पकार व्हित्तोरिओ बासाल्या आणि रुग्ण यांनी मिळून लाकूड व कागदाच्या लगद्याचा सुमारे चार मीटर उंच निळा घोडा उभारला. त्याच्या पोटात रुग्णांच्या इच्छा होत्या. ट्रॉयच्या घोड्याने वैर आत नेले. हा आशा बाहेर नेणार होता. परंतु तो दारातून मावेना. अखेर दार फोडले गेले आणि शेकडो रुग्ण, परिचारिका व कलावंत त्याच्यासह शहरात उतरले.

१९७८ सालचा मनोरुग्णालये बंद करणारा कायदा या घोड्याने आणला, असे आम्ही म्हणणार नाही. त्यामागे बासाल्यांची दीर्घ झुंज होती. मात्र ज्यांना नगर भीत होते, त्यांना त्या दिवशी नगराने रस्त्यावर चालताना पाहिले. आमच्या धर्मग्रामांत सणाची मिरवणूक निघते, तेव्हा एखाद्या घरची मागची खोली बंदच असते.

२०१३ साली निळा घोडा गुन्हेगार मनोरुग्णांच्या कोंडवाड्यांपुढे नेऊन उभा करण्यात आला.