महिंद्रा अँड मोहम्मदची जीप आणि वऱ्हाडचे मिस्त्री

जुनी जीप घ्यायची आणि तीच रोज वापरायची, ही हौस आता अमरावती-अकोल्याकडेही दिसू लागली आहे. नवी थार परवडत असूनही काही जण तीस-पस्तीस वर्षांपूर्वीची ‘एमएम ५४०’ शोधत हिंडतात. घेणारा इंजिनाचा आवाज ऐकतो, चेसिसखाली वाकून गंज बघतो, किंमत पाडून मागतो. गाडीचा इतिहास मात्र कुणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे. त्यात वऱ्हाडच्या सत्तर वर्षांच्या राज्यकारभाराची गोष्ट आहे, आणि कंपनीच्या पाटीवरून पुसले गेलेले एक मुसलमान नावही आहे.

जीपचा जन्म युद्धातला. १९४० साली अमेरिकी लष्कराला हलकी, चारही चाकांना जोर असलेली गाडी हवी होती. पहिला नमुना बँटम या छोट्या कंपनीने केला. कार्ल प्रोब्स्ट नावाच्या अभियंत्याने त्याचा आराखडा काढला. पण एवढ्या गाड्या बनवण्याची बँटमची ऐपत नव्हती. मोठे काम विलीस-ओव्हरलँड आणि फोर्ड यांच्याकडे गेले. विलीसचे २.२ लिटरचे, ६० अश्वशक्तीचे इंजिन पसंत पडले. ते घडवण्यात बार्नी रूस या अभियंत्याचा मोठा हात होता. युद्ध संपेपर्यंत या दोन कंपन्यांनी सहा लाखांवर जीपगाड्या तयार केल्या. त्यांतल्या बऱ्याच ब्रह्मदेशाच्या आघाडीसाठी हिंदुस्थानात आल्या आणि युद्धानंतर लिलावात विकल्या गेल्या. ‘डिस्पोजलची जीप’ हा शब्द तेव्हापासूनचा.

युद्धाच्या काळात कैलासचंद्र महिंद्रा वॉशिंग्टनमध्ये हिंदुस्थानच्या पुरवठा मिशनचे प्रमुख होते. तिथे त्यांची बार्नी रूसशी ओळख झाली. परत आल्यावर १९४५ साली त्यांनी भाऊ जगदीशचंद्र यांच्यासोबत पोलादाच्या व्यापाराची कंपनी काढली. तिसरे भागीदार होते मलिक गुलाम मोहम्मद. कंपनीचे नाव ठरले, ‘महिंद्रा अँड मोहम्मद’.

हे गुलाम मोहम्मद मूळचे लाहोरचे. अलीगढला शिकलेले, रेल्वेच्या हिशेबखात्यात नाव कमावलेले. पुढे ते हैदराबादच्या निजामाचे अर्थमंत्री झाले. वऱ्हाडच्या वाचकाने इथे क्षणभर थांबावे. १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रज पाहत होते, पण कागदोपत्री मुलूख निजामाचाच होता. १९३६ च्या करारानंतर तर निजामाच्या पदवीतच ‘हैदराबाद आणि बेरार’ असे आले आणि त्याचा वारस ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवला जाऊ लागला. म्हणजे ज्या माणसाचे नाव कंपनीच्या पाटीवर होते, त्याने ज्या धन्याची नोकरी केली, त्याच्या किताबात अमरावती-अकोला येत होते.

१९४७ ला देश तुटला. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. १९५३ मध्ये त्यांनी पंतप्रधान ख्वाजा नाझिमुद्दीन यांना बडतर्फ केले आणि १९५४ मध्ये संविधान सभाच बरखास्त केली. पाकिस्तानातली लोकशाही रुजण्याआधी उपटणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावे लागते. इकडे कंपनी १९४८ मध्ये ‘महिंद्रा अँड महिंद्रा’ झाली. ‘एम अँड एम’ छापलेले कागद वाया जाऊ नयेत म्हणून दुसरा ‘एम’ तसाच ठेवला, असे सांगतात. त्याच सुमारास मुंबईत माझगावला विलीसच्या जीपगाड्यांची जोडणी सुरू झाली.

ही गोष्ट ऐकली की काही जण हसून म्हणतात, “बघा, मोहम्मद गेला आणि महिंद्रा राहिला.” या एका वाक्यात फाळणीचा सगळा इतिहास आला असे त्यांना वाटते. पण जीपची पुढची गोष्ट या वाक्याला खोटे पाडते. त्यासाठी माझगावहून वऱ्हाडात यावे लागेल.

स्वातंत्र्यानंतर वऱ्हाड जुन्या मध्यप्रदेशात होते, राजधानी नागपूर. १९५६ साली ते द्वैभाषिक मुंबई राज्यात आले आणि १९६० साली महाराष्ट्रात. राज्ये बदलली तरी सरकार गावात यायचे ते जीपमधून. १९५२ साली सामूहिक विकास योजना सुरू झाली, विकासगट आले, गटविकास अधिकारी आले. १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्या. काळ्या मातीच्या या मुलखात पावसाळ्यात बैलगाडीचेही चाक रुतते. पूर्णेकाठच्या खारपाणपट्ट्यात तर चिखल पायाला सोडत नाही. तिथे साध्या मोटारीचे काय चालणार? जीपच जायची. धूळ उडवत जीप आली की कोण आले हे पाहायच्या आधी पोरे धावत सुटायची. बीडीओ आला असेल, तलाठ्याला घेऊन तहसीलदार आला असेल, नाहीतर पोलीस. निवडणुकीत हीच जीप भोंगा लावून फिरली. आणीबाणीत नसबंदीची मोहीम जोरात आली, तेव्हा सरकारी जीप दिसताच माणसे शेतात पळाल्याच्या आठवणी देशभर सांगितल्या जातात.

मेळघाटात जीपला पर्यायच नव्हता. परतवाडा ही जुनी लष्करी छावणी आणि सागवानाची बाजारपेठ. तिथून वर चिखलदरा, सेमाडोह, हरिसाल, धारणी. घाट, नाले, कच्चे रस्ते. वनखात्याचा साहेब आणि लाकडाचा ठेकेदार, दोघांचेही जीपवाचून अडायचे. १९७४ मध्ये मेळघाट देशातल्या पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत आले, आणि जीप वाघाच्याही ओळखीची झाली.

ही जीप कुठली? बहुतेक ‘सीजे ३बी’ किंवा तिची भावंडे. १९५३ साली विलीसने हे उंच बोनेटचे मॉडेल काढले. नवे इंजिन उंच होते, ते जुन्या बोनेटखाली मावेना, म्हणून बोनेट वर उचलले. अमेरिकेत हे मॉडेल १९६८ मध्ये बंद झाले. महिंद्राने ते पुढे कित्येक वर्षे चालवले. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना. मग डिझेल इंजिने आली. आधी ट्रॅक्टरच्या जातीची, पुढे ‘एमएम ५४०’ मध्ये फ्रेंच प्यूजोची. १९८५ मध्ये मारुतीची जिप्सी आली आणि साहेब लोक हळूहळू तिकडे वळले. जीप लांब झाली, मागे बाकडी लागली, कमांडर आणि ट्रॅक्स गावोगाव प्रवासी वाहू लागल्या. काळी-पिवळीने वऱ्हाडच्या बाजारगावांची जी सोय केली, तिची नोंद कुठल्याच गॅझेटियरमध्ये सापडणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडे. १९५५ ची, १९७० ची, १९८८ ची जीप आजवर चालते कशी? कंपनीने सुटे भाग देणे बंद केले, मॉडेले बदलली. तरी ती चालते, कारण तिला चालवणारे हात इथेच राहिले. अमरावती-अकोल्याच्या गॅरेजांत जा, परतवाड्याला जा. वेल्डिंग, डेंटिंग, रेडिएटर, पाटे, हूड शिवणारे, गिअरबॉक्स उघडणारे, यांत मुसलमान मिस्त्री किती आहेत ते बघा. २००६ च्या सच्चर अहवालानेही वाहनदुरुस्ती हा मुसलमानांच्या स्वयंरोजगाराचा एक ठळक धंदा म्हणून नोंदवला. यामागे हुनर आहे तशी लाचारीही आहे. नोकरी मिळत नव्हती म्हणून पोरगा बारा-तेराव्या वर्षी उस्तादाच्या हाताखाली गेला. शाळा सुटली, पाना हातात आला. या गोष्टीचे नुसते कौतुक करणे म्हणजे त्या सुटलेल्या शाळेवर पांघरूण घालणे होय.

तरीही सत्य एवढेच की गव्हर्नर जनरल होऊ शकणारा मोहम्मद गेला. चेसिसखाली निजणारा मोहम्मद राहिला. त्याच्यासोबत काम करणारे विश्वकर्मा आणि लोहारही राहिले. जीप टिकली ती या सगळ्यांच्या मेहनतीवर.

म्हणून जुनी जीप घेणाऱ्याला चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात.

पहिली, गिअरच्या दांड्याशेजारी छोटे दांडे आहेत का ते पाहा. जुन्या जीपगाड्यांतल्या पुष्कळ नुसत्या मागच्या चाकांवर चालणाऱ्या आहेत. बाहेरून फरक कळत नाही. खरी चारचाकी जोराची असेल तर तो जोर चिखलासाठी ठेवा. कोरड्या डांबरी रस्त्यावर तो लावून चालवली तर गिअर आणि टायर दोन्ही खातात.

दुसरी, आरसीवरचा इंजिन आणि चेसिस नंबर गाडीवरच्या नंबराशी ताडून बघा. पेट्रोलची जीप डिझेल करणे वऱ्हाडात सर्रास झाले. तो बदल आरटीओच्या कागदावर चढलेला नसेल तर पुढे त्रास आहे. एमएच-२७ असो की एमएच-३०, पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नोंदणीचे नूतनीकरण लागते आणि हरित करही भरावा लागतो.

तिसरी, ‘व्हिंटेज’ नोंदणीच्या मोहात पडू नका. २०२१ च्या नियमानुसार पन्नास वर्षांवरील गाडीला ‘व्हीए’ मालिकेचा नंबर मिळतो, त्याची फी २०,००० रुपये. पण ती गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन, दुरुस्ती अशा कामांपुरतीच रस्त्यावर आणता येते. रोज बाजाराला न्यायची असेल तर साधी नोंदणीच जिवंत ठेवली पाहिजे. सरकारी लिलावाची वाटही आता बंद झाली आहे. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरील सरकारी गाड्यांची नोंदणी संपते आणि त्या थेट भंगारात जातात. बीडीओची जीप लिलावात घेऊन शेतावर वापरण्याचे दिवस गेले. जी आहे ती शेवटचीच समजा.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. गाडी शोधण्याआधी मिस्त्री शोधा. ड्रमचे ब्रेक, जड स्टिअरिंग, मे महिन्यात तापणारे रेडिएटर, हे रोजचे आहे. त्याला मोबाईलवरचे व्हिडिओ पुरत नाहीत. कार्बोरेटर कानाने जुळवणारे उस्ताद आता साठीच्या पुढे आहेत. त्यांची मुले नव्या गाड्यांची कामे करतात, काही शिकून नोकरीला लागली, आणि ते चांगलेच झाले. पण हे ज्ञान कुठल्या पुस्तकात नाही, ते त्या हातांबरोबर जाईल. शोकेसमध्ये उभी केलेली जीप मिस्त्रीला वर्षातून एकदा बोलावते. रोज पळणारी जीप त्याला दर महिन्याला काम देते, आणि शेजारी उभा असलेला एखादा पोरगा ते काम बघून शिकतो. हा पोरगा शाळा संपवून, आयटीआय करून, स्वतःच्या मर्जीने या धंद्यात यावा. तेवढी मजुरी त्याला मिळावी. जुन्या गाडीची हौस असणाऱ्यांनी भाव करताना एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ आहे.